राजम्याचा फेस

१

बेकरीवाल्यांची म्हातारी आई अतिदक्षता विभागात होती आणि माझ्या थोरल्या भावाने गुन्हेगार आधीच ठरवून टाकला होता.

"सून," दादा फोनवर म्हणाला. "दुसरं कोण? क्रीम तिने फेटलं. ज्यांनी ज्यांनी क्रीम खाल्लं ते सगळे आडवे झाले. आणि बाईसाहेबांनी स्वतः एक चमचासुद्धा तोंडाला लावला नाही."

"मग मला कशाला बोलावतोस? टाळ्या वाजवायला?"

"चेष्टा नको. तू जन्मभर विमा कंपनीत खोटे दावे पकडलेस. तिच्याकडून वदवून घे. उद्या सकाळी पोलीस तिला चौकीवर नेणार आहेत. त्याआधी कबूल झाली तर मी बेकरीवाल्यांचे पाय धरून घरातल्या घरात मिटवीन."

'वदवून घे' हा शब्द मला मुळीच आवडत नाही. शोधून काढ म्हण, मी येते. पण भाऊ पडला, गेले.

दादाचा कारखाना घराला लागूनच. वाळलेला लाल राजमा दळायचा, पाण्यात कालवून त्यातलं प्रथिन पाण्यात उतरवायचं, वरचं पाणी काढून त्यात थोडं आंबट टाकायचं. मग दूध नासावं तसं ते नासतं आणि दाट साका खाली बसतो. तो साका उकळायचा, वाळवायचा आणि पुन्हा दळायचा. जे पांढुरकं पीठ निघतं त्याला तिथे सगळे 'सत्त्व' म्हणतात. ते बिस्किटांत जातं, केकमध्ये जातं, आणि जमलं तर अंड्याऐवजी फेटून त्याचं क्रीमही होतं.

बेकरीवाले मोठं गिऱ्हाईक. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की क्रीम उभं राहिलं तर करार, नाहीतर राम राम. म्हणून दादाने त्यांना आईसकट घरी बोलावलं. बशीत दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक भट्टीतून काढलेला केक आणि दुसरं वाटीत थंडगार क्रीम. दोन्हींत सत्त्व एकाच पोत्यातलं. क्रीम असं उभं राहिलं की बेकरीवाल्यांनी तिथल्या तिथे हात मिळवला.

संध्याकाळ व्हायच्या आत बेकरीवाले, त्यांची आई, वहिनी, आमचा धाकटा भाऊ आणि कारखान्याचे मास्तर असे सगळे ओकाऱ्यांनी बेजार. बाकीचे दोन दिवसांत सावरले, म्हातारीची किडनी मात्र आधीच नाजूक होती. डॉक्टरांनी क्रीम तपासायला पाठवलं. त्यात ना विष सापडलं, ना जंतू.

"म्हणजे तिने काहीतरी असं कालवलं जे सापडतच नाही," दादा म्हणाला.

माणसं ओकून ओकून अर्धमेली झाली आणि वाटीत काहीच नाही, हे काही माझ्या पचनी पडेना.

२

सून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. लग्नाला वर्ष नाही झालं. नवरा, म्हणजे माझा भाचा, परगावी नोकरीला. त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आई-बाबा म्हणतात तसं कर." शाब्बास रे वाघा!

"तुम्हीपण वदवून घ्यायलाच आलात ना, आत्या?"

"मी चहा प्यायला आले. टाक आधण. आणि हे सांग, क्रीम का नाही खाल्लंस?"

"सकाळपासून तेच फेटत होते. रांधणाऱ्याची भूक मरते, हे तुम्हाला माहीत नाही का?"

"केक?"

"तोही नाही. नुसता चहा घेतला."

उत्तर सरळ होतं. पण सरळ उत्तरं पाठ करूनही येतात, म्हणून मी तिच्या हातांकडे बघत बसले. हात स्थिर होते.

"क्रीममध्ये काय काय घातलंस?"

"सत्त्व, थंड पाणी, साखर, इसेन्स."

"इसेन्स किती?"

इथे ती अडखळली. "नेहमीच्या दुप्पट. बाबांनी सांगितलं होतं, वास यायला नको. त्या दिवशी सत्त्वाचा वास जरा उग्रच होता. हे मी पोलिसांना सांगितलं नाही. म्हटलं, म्हणतील बघा, वास लपवायला घातलं आणि आता सासऱ्यावर ढकलतेय."

"बरोबर म्हणाले असते."

"माहितेय मला," ती म्हणाली आणि डोळे पुसले. रडायला लागली नाही, नुसते पुसले. मला ती पोर आवडली, आणि म्हणूनच मी स्वतःला बजावलं की बये, सांभाळून. आवडलेल्या माणसांनीच मला जास्त वेळा गंडवलं आहे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून वहिनीचा आवाज आला. अशक्तपणा अजून गेला नव्हता, म्हणून अंथरुणावर पडून ती भिंतीशी बोलत होती, पण लेकी बोले सुने लागे. "आमच्या घरात आजवर कुणाला ठसका लागला नव्हता हो! पावडर सोन्यासारखी. हात लागला आणि बाटलं सगळं."

मी आत जाऊन तिच्या पायाशी बसले. वहिनीचा चेहरा उतरला होता, जीभ मात्र धडधाकट होती.

"तू किती खाल्लंस गं?"

"चांगली वाटीभर. चाटूनपुसून खाल्लं. हे समोरच बसले होते, केक खात. त्यांचा दुसरा तुकडा चालला होता."

"दादाने क्रीम नाही घेतलं?"

"त्यांना कुठलं क्रीम! साखर आहे ना त्यांना. डॉक्टरांनी गोड बंद केलंय." तिने आवाज खाली आणला. "ताई, तिला माहेरी पाठवायचं मी पक्कं केलंय. पोलिसांनी सोडली तरी."

मी स्वयंपाकघरात परत आले तर सून कप हातात धरून तशीच उभी. सगळं ऐकलं होतं तिने.

"आत्या, एक सांगू? मला त्या दिवशीच भीती वाटली होती."

"कशाची?"

"माझं क्रीम याआधी कधी उभंच राहिलं नव्हतं. महिनाभर रोज फेटत होते, रोज पातळ. घटकाभरात सगळं खाली बसायचं. आणि त्या दिवशी मशीन बंद केलं तरी टोक तसंच ताठ. सगळे वाहवा करत होते, आणि मला कळेना, मी वेगळं केलं काय?"

३

धाकटा मला गोदामात सापडला. हे आमचं शेंडेफळ. कारखाना विकून टाक म्हणून दादाच्या मागे केव्हापासून लागलेला. बेकरीवाल्यांचा करार झाला असता तर विक्री कायमची बारगळली असती, म्हणजे करार मोडण्यात फायदा कुणाचा, हे उघड होतं. दादाने मला हे सांगितलं नव्हतं. त्याला सुनेपलीकडे काही दिसतच नव्हतं.

मला बघून त्याने हातातलं पोतं झटकन मिटवलं.

"काय लपवतोस रे?"

"कुठे काय? ताई, तू पण ना!"

"उघड."

वरच्या पोत्यात राजमा तुकतुकीत लाल होता. मी खालचं पोतं ओढायला लावलं. त्यातला राजमा काळपट, सुरकुतलेला. वर पत्र्याचं छप्पर इतकं तापलेलं की खाली उभं राहवेना. मी एक दाणा दाताखाली धरला.

"चावू नकोस!" धाकटा ओरडला.

मी दचकून दाणा थुंकून टाकला. "का? विष आहे?"

"विष कसलं! दात तुटेल. माझा तुटला." त्याने तोंड उघडून दाढ दाखवली. "दादाने स्वस्तात मिळाला म्हणून ढीगभर घेऊन ठेवला. भाव चढेल म्हणून वाट बघत बसला. किती उन्हाळे या पत्र्याखाली गेले असतील देव जाणे. आता दिवसभर शिजवलास तरी मऊ होत नाही."

"मग फेकून का देत नाही?"

"फेकायचा कशाला? सत्त्वासाठी दळायचाच तर असतो. मास्तर म्हणतात खायला काही धोका नाही, बिस्किटाला, केकला उत्तम चालतं. फक्त जुन्या राजम्याच्या सत्त्वाला फेस धरत नाही. मी त्या दिवशी सकाळी दादाशी इथेच भांडलो. म्हटलं, बेकरीवाल्यांना नुसतं बिस्किटाचं विचार, क्रीमचा हट्ट सोड, नाक कापलं जाईल. तर म्हणाला, तू तोंड बंद ठेव, क्रीम उभं राहील."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, हा भांडला होता, यानेच केलं. कारखाना विकायचाय ना याला."

यात खोट काढायला जागा नव्हती. तरी मी विचारलं, "आणि तू स्वतः क्रीम का खाल्लंस?"

"उभं राहिलं म्हणून! माझाच विश्वास बसेना, म्हणून दोनदा घेतलं." तो ओशाळून हसला. "नंतर बालदी घेऊन बसलो रात्रभर."

जाता जाता तो म्हणाला, "ताई, तू मास्तरांना गाठ. आजारातून उठल्यापासून ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत. काहीतरी दडवलंय त्यांनी."

४

मास्तर पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. कारखान्यात आल्यावरही खडू सुटला नव्हता. पातेल्यांवर, भिंतींवर, दारांवर सगळीकडे सूचना. वाफेच्या मोठ्या पातेल्यावर लिहिलं होतं, 'उकळी मास्तरच देतील.'

"हे काय?" मी विचारलं.

"शिस्त." ते पातेलं पुसत राहिले. पातेलं लख्ख होतं, तरी पुसत होते.

"बाकी सगळी कामं कुणीही करतं. उकळीच तेवढी तुमची. का?"

"कारण कच्चा राजमा माणसाला आडवा करतो, बाई. नवा असो की जुना. त्याच्यातच असतं ते, देवानेच घातलेलं. साक्यातही थोडं उतरतं. खळखळून, चांगली बराच वेळ उकळी दिली की मरतं. फेसही त्यात मरतो; नवा राजमा तेवढं सोसतो, जुना नाही, पण इलाज नाही. म्हणून मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. विम्याच्या काळात एका खानावळीचा दावा माझ्याकडे आला होता. मंद आचेवर नुसता कोमट ठेवलेला राजमा, आणि अख्खी पंगत रुग्णालयात. तिथेही तपासणीत विष सापडलं नव्हतं, कारण कुणी ते शोधलंच नव्हतं. जे शोधत नाही ते सापडणार कसं?

"मास्तर, त्या दिवशीच्या सत्त्वाला उकळी दिली होती?"

"दिली होती."

"तुम्ही दिलीत?"

पुसणं थांबलं.

"मास्तर, पोरीला उद्या चौकीवर नेतायत."

"मी ते क्रीम स्वतः खाल्लं," ते एकदम चिडून म्हणाले. "मला माहीत असतं तर खाल्लं असतं का?"

"नसतं खाल्लं. म्हणूनच तुमच्याशी इतक्या प्रेमाने बोलतेय. उकळीच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी फडकं पातेल्यात टाकलं. मग पडेल आवाजात म्हणाले, "आदल्या दिवशी मला एका कामाला बाहेर पाठवलं. परत आलो तर सत्त्व वाळवणीला लागलेलं होतं. उकळी झाली, असं मला सांगण्यात आलं. मी विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पातेल्याजवळून हललो हो!"

"कुणी पाठवलं? कुणी सांगितलं?"

"नाव घेऊन काय उपयोग? माझ्याकडे पुरावा नाही. ते नाही म्हणतील आणि दोष उकळीवाल्या मास्तरावर येईल. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या शब्दाला काय किंमत?"

"काही नाही," मी म्हटलं, कारण ते खरं होतं. "नाव सांगू नका. उद्या सकाळी पोलीस यायच्या आधी दिवाणखान्यात या, आणि मी जे पुढे करीन त्याला नाही म्हणू नका."

५

सकाळी सगळे जमले. दादा खुर्चीत, वहिनी कोचावर पांघरूण घेऊन, धाकटा दारात, मास्तर भिंतीला चिकटून. सून उभीच. तिला बस कुणी म्हटलं नाही, म्हणून मी म्हटलं.

मी आतून काचेचं भांडं आणून टेबलावर ठेवलं. पांढरंशुभ्र क्रीम, टोकं ताठ उभी.

"त्या दिवशी होतं तस्संच," मी म्हटलं. "पण आज फेटलंय मी. सून काल रात्रीपासून स्वयंपाकघरात फिरकलेली नाही, कुलूप मी लावलं होतं. दादा, तुझं म्हणणं काय? सत्त्व निर्दोष आहे. सुनेने काहीतरी कालवलं. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे खायला हरकत नाही. घे चमचा."

दादा खुर्चीत मागे सरकला. "अगं, मला साखर आहे."

"यात साखर घातलेलीच नाही."

"सकाळी सकाळी... माझ्या पोटात जागा नाही."

मास्तर पुढे आले. "मी खातो," ते म्हणाले. आणि त्यांनी चमचा उचलला.

"थांबा हो," वहिनी पांघरूण बाजूला सारत उठली. "मालकाच्या आधी नोकराने का खायचं? मी खाते. आपलं सत्त्व सोन्यासारखं आहे. एकदा सगळ्यांना दिसू दे की दोष कुणाच्या हातात होता." तिने सुनेकडे बघून चमचा भरला आणि तोंडाजवळ नेला.

"नको!"

दादा खुर्चीतून उडालाच. त्याने वहिनीचा हात इतक्या जोरात धरला की चमचा पार भिंतीपर्यंत गेला.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"का नको रे, दादा?" मी विचारलं. "माझ्या हातात पण दोष आहे का?"

त्याच्या उत्तराची मी वाट पाहिली नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मी कुणाचं ऐकत नाही.

"क्रीम बाधलं आणि केक बाधला नाही, दोन्हींत सत्त्व एकच. म्हणजे जे काही होतं ते भट्टीत मरत होतं. तपासणीत विष नाही, कारण बाहेरून काही आलंच नव्हतं. जुन्या राजम्याचं, उकळलेलं सत्त्व महिनाभर फेटून उभं राहिलं नाही आणि त्या एका दिवशी राहिलं. का? कारण उकळीने फेस मरतो आणि त्या सत्त्वाला उकळी दिलीच नव्हती. सगळे टाळ्या वाजवत होते ना, त्यालाच मी पुरावा म्हणते. कच्चा वास झाकायला दुप्पट इसेन्स घालायला कुणी सांगितलं? तू. सकाळीच क्रीम उभं राहील म्हणून धाकट्याला कुणी बजावलं? तू. साखर आहे म्हणून क्रीम नको म्हणालास, आणि केकचे दोन तुकडे खाल्लेस. केक काय कारल्याचा होता? मास्तर, तुम्हाला उकळीच्या वेळी बाहेर कुणी पाठवलं?"

"मालकांनी," मास्तर म्हणाले. आता आवाज स्वच्छ होता. "आदल्या दिवशी, पाहुण्यांना आमंत्रण द्यायला. उकळी मी बघतो म्हणाले."

"तू विष घातलं नाहीस, दादा. तू फक्त उकळी दिली नाहीस."

दादा मटकन बसला. "मला वाटलं, चमचाभराने काय होतंय," तो म्हणाला. "फार तर कुणाचं पोट बिघडेल, कुणाला कळणारही नाही. करार झाला की नवा राजमा आणणार होतो. म्हातारीची किडनी खराब आहे हे मला काय ठाऊक?"

"आणि हिला का अडकवलंस?"

"कबूल झाली असती तर मी मिटवलंच असतं गं. तिला काही होऊ दिलं नसतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला वाटलं होतं, खरं बाहेर आल्यावर मोकळं वाटेल. कसलं मोकळं!

धाकट्याने भांड्याकडे बोट केलं. "ताई, तू हे कच्चं क्रीम वहिनीला खाऊ देणार होतीस?"

"मी काय तुझ्या दादासारखी आहे? अंड्यांचं पांढरं आहे ते. नुसतं."

वहिनी अजून तिथेच उभी होती. दादाने धरलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळत होती.

"आज माझा हात धरलात," ती दादाला म्हणाली. "त्या दिवशी मी तुमच्यासमोर वाटी चाटून खाल्ली. तेव्हा तुम्ही केक खात होतात."

दादाने मान वर केली नाही.

"पाहुणे बसले होते ना," तो पुटपुटला.

वहिनीने टेबलावरचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. "आधी रुग्णालयात सांगा काय झालं होतं ते. मग बेकरीवाल्यांना लावा. आवाज मोठा ठेवा, मला ऐकायचंय."

दादाने फोन लावले. बेकरीवाल्यांना "चूक सुनेची नाही, माझी आहे" एवढंच तो म्हणाला. मग बेकरीवाले म्हणाले की आई आज पहाटे स्वतःच्या हाताने पाणी प्यायली, आणि ते पोलिसांना घेऊनच इकडे येत आहेत. दादाने फोन खाली ठेवला, आणि मग जो चेहरा झाकून बसला तो बसलाच.

वहिनी सुनेसमोर जाऊन उभी राहिली.

"तुला चोरासारखं वागवलं मी," ती म्हणाली. "भिंतीला ऐकवून ऐकवून बोलले. माफ कर म्हणायला मला तोंड नाही गं."

सून तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही सासूच्या गळ्यात पडणार, नाहीतर उठून चालू लागणार. तिने दोन्ही केलं नाही.

"तोंड आहे, आई," ती म्हणाली. "एवढे दिवस चांगलं चालत होतं. म्हणा."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला, दार वाजलं. धाकटा उघडायला निघाला तर वहिनीने त्याला हाताने थांबवलं.

मग तिने हात जोडले आणि सगळ्यांसमोर, दादासमोर, मास्तरांसमोर, मोठ्याने म्हटलं.